काळी एक

नेवासे तालुक्यातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी तीस-पस्तीस माणसं जमतात. नाताळात पुण्या-मुंबईहून लेकरं परतली की बाकं अपुरी पडतात, एरवी पुढची दोन रिकामीच असतात. एवढ्याशा मंडळीत प्रत्येक आवाज ओळखू येतो. कोण सुराच्या आधी उठतं, कोण ओळीचं शेवटचं अक्षर सोडून देतं, कोणाच्या छातीत या आठवड्यात कफ आहे, हे पेटीवर बसलेल्या माणसाला मान वर न करता कळतं. मधली पुण्यातली वर्षं सोडली तर त्या पेटीवर मी शाळकरी वयापासून बसत आले आहे. माझ्या विश्वासाबद्दल मला जे काही सांगता येईल, ते या पेटीला धरूनच सांगता येईल.

पेटी साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची. सागवानी आहे, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, आणि भात्याच्या घडीवर कातड्याचं ठिगळ आहे. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, मधल्या सप्तकातला कोमल निषाद चिकटून बसतो. तो सोडवायला मी डाव्या हाताची करंगळी राखून ठेवते.

आमच्याकडे पायपेटी आली ती मिशनमुळे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं बसलं. हेन्री बॅलंटाइन साहेबांनी तिकडच्या चालींवर मराठी शब्द बसवून गीतं केली. पुढं कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात आणली, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी चर्चच्या दारातून आत नेली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात हे सगळे एकत्र नांदतात. एका रविवारी बॅलंटाइन साहेबांची संथ चाल आणि तिच्यामागोमाग टिळकांचं भजन म्हणायला आम्हाला कधी अवघड गेलं नाही. ज्यांच्याकडे मी पेटी शिकले ते मास्तर मात्र कडक होते. साहेबी चालीला टाळ धरायचा नाही आणि भजनाला टाळाशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा दंडक होता.

हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास घडवली आणि मांडी घालून गाणाऱ्या देशाला मांडी घालून वाजवायचं वाद्य मिळालं. शास्त्रीय संगीतातल्या जाणकारांचा तिच्यावर रागही तितकाच. मींड नाही, श्रुती नाहीत, सूर जागच्या जागी ठोकलेले. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला बंदीच घातली होती. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण शेतावरून, शाळेवरून, एसटीच्या डेपोतून आलेल्या तीस माणसांना एका ठिकाणी आणायचं असेल तर असा न हलणारा सूरच लागतो. ज्याला तो सापडत नाही त्याच्यासाठी तो पुढच्या ओळीलाही तिथंच असतो.

मास्तरांनी मला पहिले कित्येक दिवस फक्त सा धरायला लावला. भाता ओढायचा नाही, सोडायचा. वारा आपसूक भरला पाहिजे. मग चाली. मंडळीसाठी काळी एक बरी, हा त्यांचा हिशेब. पुरुषांना खाली फार उतरावं लागत नाही, बायका वरच्या सप्तकात गुदमरत नाहीत. चाल फार चढणारी असेल तर एक पट्टी खाली घ्यायची, मयतीला आणखी खाली. ओळ संपली की थांबायचं. किती थांबायचं ते पुस्तकात मिळत नाही, सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा श्वास भरेपर्यंत थांबायचं. त्या काळी ते माणूस म्हणजे माझी आजी होती.

आजीला अक्षर येत नव्हतं. गीतं तिला क्रमांकानं पाठ होती. आमची बहुतेक घरं मूळची महार-मांगांची. आजीचं लग्न झालं तेव्हा पंढरपूरचं देऊळ आमच्या लोकांना बंद होतं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडलं 1947 साली. ज्या विठ्ठलाच्या पायरीशी चोखोबाची समाधी आहे, त्याच्या पायरीपलीकडं आजीच्या आईबापांना जाता आलं नव्हतं. पण अभंग आजीच्या तोंडी होता, बाकावर बसून, पोटातून म्हणायचा असा. एका चित्पावन कवीनं लिहिलेलं भजन मांगवाड्यातली बाई आपल्या येशूला आपलं म्हणून म्हणत होती, आणि तिला ते म्हणताना कोणाची परवानगी लागत नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या घराची दारं एकेक करून कशी उघडत गेली ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सांगतात तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू येतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आजोबा हलगी वाजवायचे. गावातलं एकही लग्न, एकही वरात त्यांच्या हलगीशिवाय निघाली नाही आणि एकाही मांडवात त्यांना पंगतीला बसवलं नाही. बाप्तिस्मा झाल्यावर हलगी घरातल्या खुंटीला लागली. चर्चमध्ये पेटी चालली, तबला चालला, हलगी चालली नाही. तिच्याबरोबर गावकीचं ओझं आत येईल असं तेव्हाच्या पंचांना वाटलं. त्यांची भीती मी समजू शकते. तरी आजोबांच्या हातात जे देणं होतं ते वेदीपाशी कधी पोचलं नाही, याचं दुःख मला अजून आहे. आता नाताळच्या आधी आमची मुलं घरोघर गात फिरतात तेव्हा हलगी पुढं असते. चर्चच्या दाराशी ती अजून थांबते. ती आत यावी असं मी पंच मंडळीच्या बैठकीत सांगितलं आहे आणि पुन्हा सांगणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी पेटी नुकती धरायला लागले होते. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं छावणीत किंवा कवडीमोलानं विकलेली, आणि गावातली धडधाकट माणसं सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीला चव म्हणून नव्हती. दरवर्षी सुगी झाली की आमच्याकडे कापणीचा सण होतो. जो तो आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं काहीतरी आणून वेदीसमोर ठेवतो: ज्वारीची कणसं, बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या वर्षी कापायला काहीच नव्हतं. सण करू नये असं काहींनी सुचवलं. पाळकसाहेबांनी ऐकलं नाही, सण ठरल्या रविवारीच होणार म्हणून सांगितलं.

लोक आले. ओंजळभर मिलो आला, कागदाच्या पुडीत सुकडी आली. कोणी बाभळीच्या शेंगा आणल्या, कारण शेळीला तेवढ्याच उरल्या होत्या. एका बाईनं कामावरची हातोडी आणून वेदीपाशी ठेवली. तिचा लिलाव झाला नाही. पाळकसाहेबांनी तिच्यावर प्रार्थना करून ती तिच्या हातात परत दिली, सोमवारी तिला कामावर जायचं होतं. त्या दिवशी आम्ही उपकारस्तुतीची सगळी गीतं म्हटली, एकही गाळलं नाही. मास्तर माझ्या शेजारी बसून भाता मारत होते. मला तेव्हा एवढंच कळलं की ही माणसं देवाला हिशेब दाखवायला आलेली नाहीत. त्यांच्याजवळ असेल ते घेऊन, एकमेकांच्या देखत, त्याच्यासमोर उभं राहायला आली आहेत. पुढं पुष्कळ धर्मशास्त्र ऐकलं, काही वाचलंही, पण माझी उपकारस्तुतीची समज अजून तिथंच रुजलेली आहे.

मग माझे वडील, दादा, गेले. मिशन शाळेत मास्तर होते, पन्नाशीही गाठली नव्हती. तापाचं निमित्त झालं. मंडळीनं रात्रभर आमच्या ओट्यावर प्रार्थना केली आणि पहाटे ते गेले. दफनानंतर माझ्या तोंडून प्रभूची प्रार्थना येईना. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांपाशी आवाज अडायचा. चर्चला जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाळकीणबाई घरी आल्या. त्यांनी ना समजूत घातली, ना वचन काढून वाचलं. आईशेजारी बसून चहा घेतला आणि उठताना मला विचारलं, “पोरी, उद्या पेटीला कोण बसणार?”

पेटीचे मास्तर तोवर वारले होते. दुसरं कोणीच नव्हतं. मी गेले. त्या रविवारी आणि त्यानंतरच्या पुष्कळ रविवारी मी वाजवत राहिले, शब्द एकही म्हटला नाही. वाजवणाऱ्यानं गायलं नाही तर कोणाच्या लक्षात येत नाही. लोक मात्र गात होते. ज्यांनी स्वतःची माणसं पुरली होती तेही गात होते, आणि त्यांना श्वास कुठं लागतो ते मला बघावंच लागत होतं. विश्वास परत कधी आला ते मला सांगता येत नाही. तो गेला होता असंही आता ठामपणे म्हणवत नाही. इतरांचा विश्वास तेवढा काळ माझ्या बोटांखालून जात होता, हे खरं. मोठ्या मंडळीत मला कोणी बोलवायला आलं नसतं, कारण तिथं माझ्यावाचून काही अडलं नसतं. आमच्या मंडळीचं अडत होतं. तिच्या त्या अडण्यानं मला धरून ठेवलं.

लग्नानंतर पुण्यात नोकरी लागली. तिथलं चर्च मोठं, जुनं, दगडी. कीबोर्ड वाजवणारा तरुण तयारीचा होता, गायकवृंद दर शुक्रवारी तालीम करायचा, पडद्यावर शब्द यायचे. मी तिथं मनापासून उपासना केली. प्रभुभोजनाची भाकर तिथंही तीच होती. पण एखाद्या रविवारी आजारी पडले तर सोमवारी दाराशी कोणी येत नसे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. एवढ्या माणसांत कोण कोणाचं रितं बाक मोजणार? नोकरी संपल्यावर आम्ही दोघं गावी परतलो. लोकांनी शेतीचं कारण धरलं. माझं कारण ही मंडळी होती.

परतले तेव्हा मंडळी निम्म्यावर आली होती. शिकलेली मुलं गाव सोडून गेली होती. पंचांच्या निवडणुकीवरून भांडण होऊन काही घरं वेगळी झाली होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये निराळी संगती भरवत होती. अशी फूट पडते तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना वचनं सापडतात. दुष्काळात एका पिंपातून पाणी प्यायलेल्यांनी एकमेकांना ‘सलाम’ घालायचं सोडावं, हे मला आजही सहन होत नाही. मयतीला मात्र ती घरं येतात, आम्हीही जातो. कबरस्तानात टेबल नसतं, पेटी कोणाच्या तरी मांडीवर ठेवतात. गेल्या खेपेला ती त्यांच्यातल्या एका पोराच्या मांडीवर होती.

मागच्या बाकावर एक कुटुंब बसतं, त्याचं नाव मंडळीच्या रजिस्टरात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची ओळख हिंदूंपुरती ठेवली. पुढं शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. लेकराची फी, वसतिगृह, नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून असेल तर बाप काय करील? मी त्याला कमी विश्वासाचा म्हणणार नाही. रजिस्टरात नसलेला त्याचा आवाज मला पाठ आहे. तो खर्जाचा, भरीव आहे, आणि तो आला नाही तर भजनाच्या धृपदाला बूड राहत नाही.

आता आठवीतली एक मुलगी माझ्याकडे शिकते. तिला फोनवरची हिंदी गीतं चटकन बसतात आणि ती मी तिला वाजवू देते, कारण तिच्या वयाच्या मुलांना तीच येतात. पण दर आठवड्याला एक जुनी चालही घ्यायची असं आमचं ठरलंय. काही चाली छापील नोटेशनमध्ये नाहीत, आमच्याकडे त्या वेगळ्याच वळणानं म्हणतात, आणि ते वळण माहीत असणारी दोनच माणसं आता मंडळीत उरली आहेत. ती म्हातारी माणसं एका वळणावर एकमेकांशी हटकून वाद घालतात. मुलीनं दोन्ही वळणं वहीत उतरवून ठेवली आहेत.

पेटीचे सूर बदलायला झालेत. नगरच्या कारागिरानं सांगितलेला खर्च ऐकून पंचांनी यंदाच्या कापणीच्या सणाचा लिलाव पेटीसाठी लावला. उपासनेला मुलगी बसली, मी भाता मारला. नंतर अंगणात सेक्रेटरी कोंबडी हातात धरून उभे राहिले. आमच्याकडे घेणारा वस्तू पुष्कळदा परत देतो आणि ती पुन्हा लिलावात येते. कोंबडी दोनशेला गेली, परत आली. तीनशेला गेली, परत आली. पत्र्याच्या शेडमधल्या एका घरच्या म्हाताऱ्या बाई कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांनी साडेतीनशे म्हटलं आणि सगळं अंगण त्यांच्याकडं वळलं. सेक्रेटरींनी क्षणभरही न थांबता आकडा उचलला. पाचशेवर बोली थबकली. “पाचशे एक वार, पाचशे दोन वार,” त्यांनी पुकारलं, आणि मागून त्या खर्जाच्या आवाजानं सहाशे म्हटलं.