अडीच फुटांचं अंतर

१९७० साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर डग सँडर्स या अमेरिकन गोल्फपटूला ब्रिटिश ओपन जिंकायला शेवटच्या होलवर एक छोटा पट पुरे होता. पट म्हणजे हिरवळीवरून चेंडू अलगद भोकाकडे ढकलणं. अंतर होतं जेमतेम अडीच फूट. तो चुकला. दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवायला सामना झाला आणि जॅक निकलॉस एका फटक्याने जिंकला. हातातोंडाशी आलेला घास गेला!

गोल्फशी माझा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. खो-खो आणि लंगडीच्या पलीकडे मी स्वतः काही खेळलेली नाही. पण आमचे जावई हौशी गोल्फ खेळतात. रविवारी मित्रांबरोबर खेळून आले की खुशीत असतात. क्लबची स्पर्धा असली की मात्र घरी येऊन कुणाशी बोलत नसत. दहावीतली नात ताटात बघून जेवायची आणि उठून जायची. म्हणून एकदा मीच विचारलं, "नेमकं बिनसतं कुठे हो?"

"आई, लांबचे फटके छान बसतात. तीन फुटांवरून चेंडू जात नाही. सरावात डोळे मिटून जातो. स्पर्धेत हात माझे राहतच नाहीत."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. घरी कविता घडाघडा म्हणणारी मुलं वर्गासमोर उभी केली की दुसऱ्या ओळीला अडकतात, हे मी नोकरीत असताना कितीदा पाहिलं आहे. कविता विसरलेली नसते. मूल कवितेऐवजी स्वतःलाच ऐकू लागलेलं असतं.

गोल्फमध्ये याला भरपूर वाव मिळतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळच नसतो. इथे चेंडू मुकाट पडून असतो. अठरा होल्सना चार-चार तास लागतात, त्यात प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ काही मिनिटांचा. उरलेला वेळ चालायचं आणि मनाशी बोलायचं. मन काय बोलेल, याचा नेम नाही.

सायन बायलॉक आणि थॉमस कार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली गोल्फच्या पटिंगवरच प्रयोग करून हे तपासलं. अंगवळणी पडलेली कृती शरीर आपोआप करतं. दडपण आलं की आपण तिच्या एकेका पायरीवर पहारा बसवतो आणि तिथेच ती बिघडते. जिना उतरताना प्रत्येक पाऊल कसं पडतंय हे बघायला लागा, अडखळायला होईलच. बायलॉक यांच्या पुढच्या एका प्रयोगात मुरलेल्या खेळाडूंना "अचूक मारा" म्हटल्यापेक्षा "झटपट मारा" म्हटल्यावर चांगलं जमलं. नवशिक्यांचं उलट झालं. म्हणजे शिकताना सावकाश, पण एकदा शिकल्यावर रेंगाळू नये.

हौशी खेळाडूने खरं तर बॉबी जोन्सकडे बघावं. हा गृहस्थ पेशाने वकील, गोल्फ मात्र जन्मभर हौशी म्हणूनच खेळला. तरुणपणी भारी तापट. १९२१ साली सेंट अँड्र्यूजलाच खेळ बिघडला तेव्हा फेरी अर्धवट टाकून मोकळा झाला. पुढे तो एक गोष्ट शिकला: समोरच्या माणसाशी खेळायचं नाही, 'पार'शी खेळायचं. पार म्हणजे त्या होलला चांगल्या खेळाडूला लागावेत असे ठरवलेले फटके. पार कधी हुरळून जात नाही की चिडत नाही. १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांचा निरोप घेतला.

हे सगळं मी जावयांना वाचून दाखवलं. उपदेश केला नाही. जावयाला सासूने उपदेश करू नये, हे मला कळतं. त्यांनी आपलं आपण एक ठरवलं. भोकाकडे एकदा बघायचं, एक श्वास सोडायचा आणि मारायचं. गुणांची बेरीज घरी येईपर्यंत करायची नाही.

पुढच्या स्पर्धेत पट चुकायचा तो चुकलाच. पण त्या रात्री त्यांनी तो कसा चुकला हे आपणहून, हसत सांगितलं. नात ऐकत होती. हळूच म्हणाली, "बाबा, माझं सहामाहीत भूमितीचं प्रमेय असंच गेलं. येत होतं, पण हातच चालेना." दोन महिने पोरीने हे पोटात ठेवलं होतं. बापाची स्वतःच्या चुकीवरची चिडचिड बघून तिने आपली चूक लपवली होती. दडपण संसर्गजन्य असतं, आणि ते फक्त मैदानावरच पसरत नाही.

गोल्फमधली मला सर्वांत आवडलेली हकिकत १९१३ सालची आहे. फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा हौशी मुलगा, पूर्वी दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा. त्याने अमेरिकन ओपनमध्ये हॅरी वॉर्डन आणि टेड रे या नामांकित ब्रिटिश खेळाडूंना हरवलं. त्याची पिशवी वाहत होता एडी लोअरी, वय वर्षे दहा, शाळा बुडवून आलेला. (शिक्षिका म्हणून मी हे दुर्लक्षित करते.) निर्णायक फेरीआधी लोकांनी सुचवलं, एखादा जाणता कॅडी घे. विमेटने ऐकलं नाही. एडीला डावपेच काय कळणार होते? तो एवढंच सांगत राहिला, की चेंडूवर नजर ठेव.

घरातल्या माणसांनीही तेवढंच करावं. खेळ असो की परीक्षा, गुण मोजणारे बाहेर पुष्कळ असतात. आपण पिशवी उचलून सोबत चालावं.