पहारा

संसाराचा पसारा खोल्यांवरून मोजायचा म्हटला, तर माझ्या धाकट्या बहिणीचा संसार अगदीच चिमुकला ठरेल. अडतीस फूट लांब नि बारा फूट रुंद अशी एक शिडाची नौका, एवढेच काय ते तिचे घर! मेहुणे गोदीतून निवृत्त झाले, मुलगी सासरी गेली, आणि लोक ज्या वयात काशीयात्रेला निघतात त्या वयात ही दोघे शीड उभारून निघाली. २०२३ सालच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे तीन आठवडे राहून आलो. मुक्काम त्रिनिदाद बेटावरचा. चागुआरामासच्या एका मरिनात.

मरिना हा शब्द मोठा रुबाबदार वाटतो. पण खरे सांगू? ती एक चाळच असते. धक्क्याच्या दोन्ही अंगांना बिऱ्हाडे ओळीने बांधलेली. नळ धक्क्यावर, विजेची तार धक्क्यावरून घेतलेली, न्हाणीघरे साऱ्यांना मिळून. धुणी बाहेर वाळत असतात, आणि सकाळी पाना मागायला आलेला फ्रेंच शेजारी चहा घेऊनच जातो. फरक एवढाच, की उद्या शेजारचे बिऱ्हाड घरासकट नाहीसे झालेले दिसेल!

जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा हंगाम. त्रिनिदाद दक्षिणेला, दहा-अकरा अंशांवर. चक्रीवादळे बहुधा त्याच्या उत्तरेकडून जातात. म्हणून नौका येथे आसऱ्याला येतात. पुष्कळशा तर चाकांच्या उंच यंत्राने, पोटाखाली पट्टे घालून, अलगद उचलतात नि जमिनीवर टेकू देऊन उभ्या करतात. ते पाहून मला आपले कोकण आठवले. आगोटीला होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. समुद्राशी ज्याचा संसार, त्याला थांबणे शिकावेच लागते.

मेहुण्यांना मात्र थांबणे जमत नव्हते. जेवणाच्या मेजावर सदा पॅसिफिकचे नकाशे पसरलेले. पनामा कालवा ओलांडायचा, आणि मग मार्केसास बेटांपर्यंत सुमारे चार हजार सागरी मैल नुसते पाणी!

एके दुपारी भांडी विसळता विसळता बहीण म्हणाली, "दादा, अटलांटिक ओलांडायला आम्हांला बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत आम्ही दोघे एकदाही एका वेळी झोपलो नाही."

तीन तास एकाने पहारा करायचा, तीन तास दुसऱ्याने. एकाने अंथरूण सोडायचे नि त्याच उबेत दुसऱ्याने शिरायचे. संसार दोघांचा, पण भेट काय ती पहारा बदलताना!

"शेवटी शेवटी हे मला उठवतच नसत," ती म्हणाली. "माझ्या पाळीलाही तेच जागायचे. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दादा! यांना समुद्र हवा आहे, आणि मला हे हवेत."

मी मेहुण्यांपाशी विषय काढला नाही. नवरा-बायकोच्या मध्ये बोलू नये. अडतीस फुटांच्या घरात तर मुळीच नाही.

त्रिनिदादला १९६६ पासून दिवाळीची सार्वजनिक सुटी असते. संध्याकाळी आम्ही फेलिसिटी गावी गेलो. बांबूच्या चिरफळ्या वाकवून कमानी केलेल्या, आणि त्यांवर मातीचे दिवे. कलकत्त्याहून निघालेले फतेल रझाक जहाज ३० मे १८४५ रोजी, तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्र कापून, या बेटाला लागले. त्या मजुरांचे आणि त्यांच्यामागून आलेल्यांचे हे वंशज. बहुतेकांचे पूर्वज परत गेलेच नाहीत. येथेच दिवे लावू लागले. त्या उजेडात बहीण मेहुण्यांना काहीतरी सांगत होती. काय ते मला ऐकू आले नाही. परतताना मेहुणे गप्प होते.

दुसऱ्या दिवशी पाना परत करायला फ्रेंच शेजारी आला, तेव्हा त्यांनी पॅसिफिकचे नकाशे गुंडाळून त्याच्या हाती दिले. "आता पहारा तुमचा," एवढेच म्हणाले.

हल्ली ती दोघे ग्रेनाडाच्या उत्तरेला बेटाबेटाने हिंडतात. सकाळी निघायचे, दिवस मावळायच्या आत नांगर टाकायचा. मेहुण्यांना हळहळ वाटत नाही असे मी म्हणणार नाही. मार्केसासला जायला कोणते महिने चांगले, हे ते फोनवर अजून मला समजावून सांगतात, आणि बहीण शेजारी बसून ऐकून घेते. मग दिवा मालवून दोघे झोपतात, एकाच वेळी.