भागायचं कशाने?

भाताची रोपवाटिका टाकण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यातून काढावं, अशी शिफारस कृषी खातं वर्षानुवर्षं करत आलं आहे. १० लिटर पाणी, ३०० ग्रॅम मीठ. त्यात बी ओतून ढवळलं की पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. वरचे काढून टाकायचे, खालचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. कोकणातल्या किंवा मावळातल्या शाळेत आठवीला घनता शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगली सुरुवात मिळणं अवघड. पोचट दाणे साध्या पाण्यातही तरंगतातच; मग मीठ कशाला?

‘कीड मरावी म्हणून,’ असं कुणीतरी म्हणतं. अंदाज वाईट नाही. पण तेच बी आधी साध्या आणि मग मिठाच्या पाण्यात टाकून दाखवलं, तर अर्धवट भरलेले काही दाणे पहिल्या भांड्यात बुडतात आणि दुसऱ्यात वर येतात. दाणा तोच, त्याचं वजन तेच. बदललं ते पाणी, तेही किती? ३ टक्के मिठाने पाण्याची घनता जेमतेम २ टक्क्यांनी वाढते. तेवढ्यावर दाण्यांची वाटणी होते.

धडा असा उलट्या टोकाने सुरू करण्यामागे कारण आहे. वस्तुमान भागिले आकारमान हे सूत्र आधी फळ्यावर आलं की मुलं ते चटकन पाठ करतात, उदाहरणंही बिनचूक सोडवतात. मग त्यांना एवढंच विचारावं, की लोखंडाचा तुकडा मधोमध कापला तर घनतेचं काय होईल? ‘निम्मी होईल’ हे उत्तर हमखास येतं, कधी कधी गणितात हुशार असलेल्या मुलाकडूनही. भागाकार येत असतो. तो का करायचा हे पोचलेलं नसतं. म्हणून मुरलेला शिक्षक आधी तराजू आणि मोजपात्र पुढे करतो. काळ्या पाषाणाचे लहानमोठे खडे गोळा करायचे, प्रत्येकाचं वस्तुमान आणि त्याने बाजूला सारलेलं पाणी मोजायचं. वहीत दोन्ही आकडे खड्यागणिक बदलत राहतात. एकाला दुसऱ्याने भागल्यावर मात्र उत्तर २.९ च्या आसपासच घोटाळतं, खडा सुपारीएवढा असो की मुठीएवढा. ही गंमत हाती आल्यावर तिला घनता म्हणायचं.

मुकुटातली भेसळ पकडणाऱ्या आर्किमिडीजची गोष्ट इथे टळत नाही. ती सांगितली रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. मुलांना न्हाणीघरातून उघड्याने धावणारा शास्त्रज्ञ आवडतो. शिक्षकाला त्यातलं गणित खुणावायला हवं. १ किलोचा निखळ सोन्याचा मुकुट घ्या. सोन्याची घनता १९.३ धरली, तर मुकुटाचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटीमीटर. त्यातल्या ३०० ग्रॅम सोन्याच्या जागी चांदी घातली, की ते ६५ होतं. मुकुट मावेल असं २० सेंटीमीटर व्यासाचं भांडं घेतलं, तर १३ घन सेंटीमीटरच्या या फरकाने पाण्याची पातळी बदलते अवघी ०.४ मिलिमीटर! काचेच्या कडेला चिकटून पाणीच त्याहून जास्त वर चढतं. ही ओतून मोजण्याची पद्धत १५८६ साली बाविशीतल्या गॅलिलिओलाही पटली नव्हती. त्याने तराजू सुचवला, म्हणजे वस्तू पाण्यात बुडवून तोलायची. १३ घन सेंटीमीटरचा फरक तिथे १३ ग्रॅमचा होतो, आणि तो किराणा दुकानातला काटाही दाखवतो.

दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर त्याच घराण्यातला. दुधाची घनता १.०३ च्या घरात असते, पाणी घातलं की उतरते. पण साय काढून घेतलेलं दूध जड होतं, आणि मग बेताने पाणी घालून आकडा पुन्हा जागेवर आणता येतो. म्हणून केंद्रावर लॅक्टोमीटरच्या डिग्रीबरोबर फॅटही पाहतात. एका आकड्यात दोन लबाड्या का सापडत नाहीत, हे दुधाचा धंदा असलेल्या घरातली मुलं वर्गाला सहज समजावतात.

दाबही भागाकारच, पण त्याची जात वेगळी. घनता पदार्थाची असते, दाब मांडणीवर ठरतो. तीच वीट आडवी ठेवली तर एक दाब, उभी केली तर दुसरा. टोकदार खिळा आणि उंटाचे पाय सगळ्यांना माहीत असतात. घरी जाऊन मोजता येईल असं उदाहरण म्हणजे कुकरची शिट्टी. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर जादा दाब साठतो आणि पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. शिट्टीखालच्या नळीचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं असेल, तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर. म्हणजे तिथे वाफ अडवायला ७० ग्रॅमची शिट्टी पुरते. पण झाकण २० सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर त्याला आतून उचलणारं बल ३०० किलो वजनाहून अधिक भरतं. भांडं एक, दाब एक, आणि बलं अशी दोन. दाब म्हणजे जोर ही समजूत इतक्या सहज दुसरीकडे कुठे सुटत नाही.

द्रवाच्या दाबाची एक आकृती मात्र फसवी आहे. बाटलीला एकाखाली एक तीन भोकं, आणि सर्वांत खालची धार सर्वांत लांब. बाटली टेबलावर ठेवून पाहिलं तर टेबलावर सर्वांत लांब पडते ती मधल्या भोकाची धार! खालची धार वेगाने निघते खरी, पण टेबल जवळ असल्याने तिला पुढे जायला वेळच मिळत नाही. बाटली उंच स्टुलावर ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्या, की आकृती खरी ठरते. हा प्रयोग आदल्या दिवशी करून बघावा तो यासाठी.

घनता आणि दाब यांची गाठ पाण्यात पडते. बुडालेल्या वस्तूच्या खालच्या बाजूला दाब जास्त, वरच्या बाजूला कमी. या फरकातून प्लावक बल येतं. खोलीबरोबर दाब किती झपाट्याने वाढेल, हे द्रवाची घनता ठरवते. मीठ पाण्यात हेच काम करतं.

विहिरीवर या हिशेबाला पैसे पडतात. काठावरची मोटार पाणी ओढते, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात ती पाइपातला दाब कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेची ही धाव १०.३ मीटरपर्यंतच. हीच धाव तपासायला १६४३ मध्ये टॉरिचेली या शास्त्रज्ञाने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट घन, म्हणून तो ७६ सेंटीमीटरवर थांबला. दोन्ही आकडे गुणून पाहिले की १०.३ मीटरचा मेळ बसतो. पाइपातलं घर्षण आणि गळती धरता सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटार विहिरीत खाली उतरवतात आणि पावसाळ्यात बुडू नये म्हणून वर घेतात.

मग बोअरचं १०० मीटर खोल पाणी कसं वर येतं, हे कुणीतरी विचारतंच. ती मोटार पाण्यातच असते आणि खालून ढकलते. त्यासाठी लागतो सुमारे १० किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब. दर १० मीटरला १ किलो हा आकडा सापडल्यावर मुलं इमारतींकडे वळतात. गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाहून २० मीटर उंच असेल, तर तिथे २ किलो. सर्वांत वरच्या मजल्याचा शॉवर टाकीच्या २ मीटर खाली असेल, तर त्याच्या वाट्याला ०.२, म्हणून त्या मजल्यावर प्रेशर पंप बसवतात.