मोरिवलीचा कामगार आणि परदेशचा प्रवास

कल्याणाहून कर्जतच्या बाजूस निघालेली गाडी उल्हासनगर मागें टाकते, तोंच अंबरनाथ येतें. अंबरनाथ म्हटलें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें वालधुनीच्या कांठचें शिवालय उभें राहतें, आणि तें योग्यच आहे. शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथें आहे, व तेथील शिल्प पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु तेथून मोरिवलीकडे वळणारा यात्रेकरू विरळा. लौकिकार्थानें मोरिवलीस पाहण्यासारखें कांहीं नाहीं. एके काळचें हें खेडेंगांव. आज त्याचें नांव औद्योगिक वसाहतीच्या पाट्यांवर वाचावयास मिळतें. रसायनांचा उग्र वास, लोखंडी पत्र्यावर पडणाऱ्या प्रेसचा ठोका आणि पाळी सुटल्यावर डबे घेऊन घराकडे निघालेले माणसांचे थवे, हेंच येथील दर्शन.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आम्ही सायंकाळीं या बाजूस फिरावयास जात असतों. येथें चहाच्या टपरीवर घटकाभर बसावें आणि पेले धरणाऱ्या हातांकडे पाहावें. कोणाच्या तर्जनीचें पेर गेलेलें, कोणाची करंगळी नाहीं, तर कोणी पेला अंगठा व एकच बोट यांच्या चिमटींत धरलेला. घराघरांत वापरल्या जाणाऱ्या डब्यांच्या झांकणांस आणि पंख्यांच्या पात्यांस जो आकार येतो, त्याचें मोल कोठें कोठें असें चुकतें झालेलें असतें.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशांपैकींच आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत पॉवर प्रेसखालीं त्यांच्या उजव्या हाताचीं तीन बोटें गेलीं. तेव्हांपासून कामगार विम्याचे, म्हणजे ज्यास सर्व लोक ई. एस. आय. म्हणतात त्या योजनेचे पैसे दरमहा त्यांच्या खात्यांत जमा होतात. त्यांची मुलगी लग्नानंतर मेलबर्नास राहते. तिचें पहिलें बाळंतपण जवळ आलें, तेव्हां आईबरोबर वडिलांनींही सहा महिन्यांसाठीं यावें असा तिनें आग्रह धरला. गृहस्थ आमच्याकडे आले ते चिंतातुर मुद्रेनें. म्हणाले, "गुरुजी, लेकीकडे जावंसं फार वाटतं हो. पण शेजारचे म्हणतात, देशाबाहेर पाऊल टाकलं की पेन्शन बुडालं. रक्कम लहान आहे; पण ती माझ्या बोटांची आहे."

या शेवटच्या वाक्यानें आम्हांस विचारास लावलें. जें द्रव्य शरीराच्या हानीबद्दल मिळतें, तें माणसाबरोबर समुद्र ओलांडतें किंवा नाहीं? आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें परदेशीं आहेत आणि घरांतील वडीलधारीं माणसें त्यांच्याकडे जातयेत असतात; म्हणून या चौकशींत जें समजलें तें येथें मांडतों.

जखम मोजून द्रव्य देण्याची रीति आपणांस नवी नाहीं. इ. स. १६५९ मध्यें प्रतापगडाखालीं अफझलखानाचें पारिपत्य झाल्यावर शिवछत्रपतींनीं जखमी लोकांस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रकमा दिल्या, असें कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरींत सांगतो. तें मात्र एकवेळचें देणें होतें. आजची व्यवस्था मासिक वृत्तीची आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यानें आणि पुढें १९४८ च्या राज्य विमा कायद्यानें अवयवांची एक यादीच बांधून दिली. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० नें घटली असें धरावयाचें. एका हाताचीं तीन बोटें गेल्यास ३०, चारही गेल्यास ५०, संपूर्ण हात गेल्यास ६०. राज्य विम्यांत रोजच्या सरासरी मजुरीचा शेंकडा ९० हा पूर्ण दर, आणि त्याचा घटलेल्या शक्तीइतका हिस्सा जखमी माणसास मिळतो. रोजची मजुरी ६०० रुपये असेल, तर पूर्ण दर ५४० रुपये. तीन बोटें गेलेल्यास त्याचे शेंकडा ३० म्हणजे दिवसास १६२ रुपये. तो पुन्हां कामावर रुजू झाला तरी हें वेतन थांबत नाहीं. तें आमरण चालतें. १९४८ चा तो कायदा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे.

आतां मूळ प्रश्न. अपंगत्वाबद्दल मिळणाऱ्या द्रव्याचे तीन प्रकार आम्हांस दिसले, आणि प्रवासाचें उत्तर प्रत्येकाचें निराळें आहे.

पहिला प्रकार तात्पुरत्या अपंगत्वाचा. हात बांधलेला आहे, दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत, अशा काळांत कामगारास मजुरीच्या शेंकडा ९० प्रमाणें भत्ता मिळतो. येथें १९४८ च्या कायद्याचें ६४ वें कलम स्पष्ट होतें: उपचार चालू असतां वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तो प्रदेश सोडून जातां येत नाहीं. परदेश तर राहोच, गांवीं जावयाचें झालें तरी विचारून जावें. शेजाऱ्यांनीं जें ऐकलें होतें तें बहुधा या प्रकाराविषयीं असावें.

दुसरा प्रकार कायमच्या अपंगत्वाचा, आणि आमच्या गृहस्थांचा हक्क यांतला. हें वेतन त्यांच्या वास्तव्याबद्दल मिळत नसून झालेल्या हानीबद्दल व भरलेल्या वर्गणीबद्दल मिळतें. उपचाराचा प्रदेश सोडूं नये ही अट आजारी व तात्पुरत्या अपंग माणसास घातलेली आहे. कायमच्या अपंगास ती लागत नाहीं. त्याच्यापाशीं मागावयाचें तें एवढेंच, कीं तो जिवंत आहे याचा दाखला ठरल्या वेळीं यावा. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेंतही अपंगत्ववेतन आहे. पण तें नोकरींत असतां कायमचा व पूर्णपणें कामास निरुपयोगी झालेल्यासच मिळतें. तीन बोटें जाऊनही काम करूं शकणाऱ्यास तें नाहीं.

तिसरा प्रकार साहाय्याचा. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यांत १९८० पासून चालू आहे. दिव्यांगांस तिचा मोठा आधार आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ सालीं निघाली. ती शेंकडा ८० वा अधिक अपंगत्व असलेल्या गरीब माणसासाठीं आहे. या रकमा गरज पाहून दिल्या जातात. पहिल्या योजनेस तर महाराष्ट्रांत १५ वर्षांचें वास्तव्य लागतें. ज्या देण्याचा पायाच वास्तव्य आहे, तें घर सोडून गेलेल्या माणसामागें चालत येईल अशी आशा धरूं नये.

हा भेद केवळ आपल्याकडचा नव्हे. ज्या मेलबर्नास आमचे गृहस्थ निघाले होते, त्या ऑस्ट्रेलियांत अपंगांस मिळणारें वेतन सरकारी तिजोरींतून, तेथील वास्तव्य व गरज पाहून दिलें जातें. म्हणून तेथील मनुष्य परदेशीं गेला तर साधारणतः बारा महिन्यांत २८ दिवसांपुरतेंच तें चालू राहतें. ज्यांचें अपंगत्व अत्यंत गंभीर आहे व ज्यांस पुढें काम करण्याची आशा नाहीं, अशांस मात्र सवलत आहे. अमेरिकेंत तर दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं नांदतात. कामावर असतां भरलेल्या वर्गणीचें अपंगत्ववेतन अमेरिकन नागरिकास बहुतेक देशांत मिळत राहतें; परंतु गरिबी पाहून दिलें जाणारें साहाय्य सलग ३० दिवस देशाबाहेर राहिल्यास बंद होतें. आपल्या देशाचें उदाहरण पाहावयाचें तर नेपाळकडे पाहावें. भारतीय सैन्यांत चाकरी केलेले गुरखे निवृत्त होऊन स्वदेशीं जातात, आणि त्यांचीं निवृत्तिवेतनें देण्यासाठीं भारत सरकारनें काठमांडू, पोखरा व धरान येथें कचेऱ्या ठेवल्या आहेत. हक्क माणसामागें डोंगर चढून जातो तो असा.

हक्क सीमा ओलांडूं शकला नाहीं म्हणजे काय होतें, हें मोरिवलीच्या शेजारच्या वस्तीस सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणींत १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिचें उल्हासनगर झालें. घर, दुकान, जमीन मागें ठेवून आलेल्या त्या माणसांनीं सर्व शून्यांतून उभें केलें. म्हणूनच अलीकडे राष्ट्रें आपसांत करार करूं लागलीं आहेत. भारताचा असा पहिला करार २००६ सालीं बेल्जमशीं झाला. कॅनडाशीं झालेला २०१५ त, तर ऑस्ट्रेलियाशीं व जपानशीं झालेले २०१६ त अमलांत आले. या करारांत आपल्या बाजूनें प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेंतील वृद्धांचें, मागें राहिलेल्या कुटुंबीयांचें आणि कायमच्या पूर्ण अपंगाचें निवृत्तिवेतन धरलेलें असतें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. निघण्यापूर्वीं आपलें द्रव्य कोणत्या प्रकारचें आहे हें मंजुरीचा मूळ कागद काढून पाहावें. शेजाऱ्याच्या तोंडी माहितीवर विसंबूं नये. ज्या कचेरींतून वेतन येतें तिला किती दिवसांसाठीं व कोठें जात आहों हें लेखी कळवावें आणि पोंच घ्यावी. हयातीचा दाखला केव्हां द्यावयाचा ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयांत लिहावी. सरकारी निवृत्तिवेतनाचा दाखला सामान्यतः नोव्हेंबरांत लागतो. प्रॉव्हिडंट फंडाचा केव्हांही दिला तरी तेथून वर्षभर चालतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं 'जीवन प्रमाण' ही आधारवर चालणारी सोय निघाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा पाहून ओळख पटविण्याचीही व्यवस्था तींत झाली. परदेशीं असलेल्या सरकारी निवृत्तास भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याकडूनही दाखला घेतां येतो. चार-सहा महिन्यांच्या भेटीसाठीं बँकेचें खातें बदलावें लागत नाहीं. कायमचें राहावयास गेल्यास मात्र तें अनिवासी खातें करून घ्यावें लागतें. निवृत्तिवेतनाचे पैसे त्यांतही जमा होतात, व कर वळता करून परदेशीं पाठवितां येतात. आणखी एक: वडील परदेशीं आहेत म्हणून मागें राहिलेल्या मुलानें त्यांच्या नांवची सही ठोकूं नये. ती सोय नसून लबाडी आहे, आणि तिनें खरा हक्कही संशयांत पडतो.

आमच्या गृहस्थांनीं अर्ज दिला, पोंच घेतली, दाखल्याची तारीख मुलीस कळविली आणि ते पत्नीसह जाऊन आले. सहाही महिन्यांचे पैसे खात्यांत पडले होते.

संस्कृतांत योगक्षेम असा एक सुंदर शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग, मिळालेलें राखणें तो क्षेम. जखमी कामगारास वेतन मंजूर होतें तेव्हां त्याचा योग साधतो. परंतु त्या वेतनाच्या भीतीनें जर त्यास लेकीचें घर पाहतां येत नसेल, तर क्षेम साधला असें म्हणतां येणार नाहीं. यंत्रानें बोटें नेलीं. पायांत बेडी घालण्याचा अधिकार कोणत्याच कायद्यानें त्यास दिलेला नाहीं. तें काम करतें आपलें अज्ञान. ज्या घरांत चार माणसें वाचूं लिहूं शकतात, त्या घरानें शेजारच्या एका तरी कामगाराचा मंजुरीचा कागद त्यास नीट वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.