मायक्रोमॅक्स परत येईल का?

२००८ मध्ये महिनाभर बॅटरी टिकणारा फोन काढून मायक्रोमॅक्सने वीज नसलेल्या गावांची नस पकडली होती. पुढे ४जी आलं, चिनी कंपन्या कमी पैशात जास्त देऊ लागल्या आणि बाहेरून आणून शिक्का मारलेला माल मागे पडला. नोव्हेंबर २०२० मध्ये, चीनविरोधी वातावरणात, 'इन' मालिका आली. मलाही वाटलं, आता जमतंय! पण देशप्रेमावर पहिला फोन खपतो. दुसरा घेताना माणूस सर्व्हिस सेंटर आणि अपडेट बघतोच ना! आज त्याच घरची भगवती कंपनी दुसऱ्यांचे फोन बनवते. रोजगार मिळतो, चांगलंच आहे. पण डिझाइन आणि संशोधनावर पैसा ओतल्याशिवाय स्वतःचं नाव परत कसं उभं राहणार? तुम्हाला काय वाटतं?