जनावरांचं बिल कोण भरतं?

माळढोक हे नाव कुणा शास्त्रज्ञानं ठेवलेलं नाही. माळावर राहणारा, धिप्पाड, चालताना मान ताठ ठेवणारा हा पक्षी आमच्या सोलापूर भागातल्या धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. १९७९ साली नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. कागदावर अख्खे तालुके त्यात गेले. जमिनीचा व्यवहार करायचा, बांधकाम करायचं, तर आधी पक्ष्याचा विचार. अब्बांच्या दुकानात बसणारे शेतकरी त्या पक्ष्याला काय काय शिव्या देत, ते इथे लिहिता येणार नाही. पुढे ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

वन्यजीवांबद्दल वाचताना, फिल्म पाहताना माझ्या डोक्यात म्हणूनच पहिला प्रश्न येतो, की या जनावराचं बिल कोण भरतंय?

आता उरलेसुरले माळढोक मुख्यतः जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. दीडशेच्या आतबाहेर. तिथे त्यांना बंदूक मारत नाही, तारा मारतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं कमी दिसतं, आणि अंग इतकं जड की आयत्या वेळी वळता येत नाही. पवनचक्क्यांची आणि सोलरची वीज वाहणाऱ्या उच्च दाबाच्या तारांवर ते आदळतात. सुप्रीम कोर्टानं २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ साली तो आदेश सैल करून समिती नेमली. त्याच वाळवंटात देवाच्या नावानं राखलेली ओरण नावाची कुरणं आहेत. आपल्याकडच्या देवराईसारखीच, फक्त तिथे राईऐवजी गवत आणि खेजडी. तिथे उंटवाले, मेंढपाळ, हिंदू-मुसलमान दोघेही जनावरं चारतात आणि माळढोकही चरतो. सरकारी दप्तरात मात्र अशी बरीच जमीन ‘पडीक’ म्हणून लागलेली आहे, आणि पडीक जमीन कंपनीला द्यायला सोपी. स्वच्छ विजेचं बिलही शेवटी पक्ष्याच्या आणि उंटवाल्याच्या नावावर.

सरहद्दीपलीकडे माळढोकाचा धाकटा भाऊ तिलोर. मध्य आशियातून हिवाळ्यात पाकिस्तानात येतो. आखाती शहजादे ससाणे घेऊन त्याच्या शिकारीला येतात. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टानं २०१५ साली ही शिकार बंद केली आणि पाचच महिन्यांत, २०१६च्या जानेवारीत, तो निर्णय फिरवला. ‘परराष्ट्र धोरणाचा पाया’ असं ज्याचं वर्णन होतं तो पक्षी फार दिवस जगत नाही, एवढंच मी म्हणेन.

त्याच सिंधमध्ये एक गोष्ट मात्र बरी चालली आहे. सिंधू नदीत एक आंधळा डॉल्फिन राहतो, स्थानिक लोक त्याला भुलन म्हणतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून त्याच्या डोळ्यात भिंगच उरलेलं नाही. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा आणि कुशीवर पोहत तळ चाचपायचा. इंग्रजांनी १९३२ साली सक्करचा बॅरेज बांधला, १९६२ साली वर गुड्डूचा झाला, बाकीचे होतेच. नदीचे तुकडे पडले आणि भुलनचेही. सत्तरच्या दशकात जेमतेम दीडशे मोजले गेले. १९७४ साली गुड्डू ते सक्कर हा पट्टा राखीव झाला. आज त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे.

यात सरकारी हुकमाचा वाटा आहेच. पण भुलन खाण्यामागे कालव्यात शिरतो, जानेवारीत दुरुस्तीसाठी कालव्याचं पाणी तोडलं की डबक्यात अडकतो, तेव्हा खबर देतो तो मच्छीमार. मग त्याला ओल्या कापडात गुंडाळून, अंगावर पाणी शिंपडत, गाडीत घालून नदीत परत नेतात. एकेकाळी ज्याचं तेल काढलं जायचं त्याची अशी वरात निघते. २००७ साली आपल्या पंजाबात, बियास नदीतही हेच डॉल्फिन सापडले. फाळणीची रेषा त्यांना कुणी सांगितली नव्हती.

आणि आता भरतपूर, ज्याबद्दल लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं. कारण त्यात सलीम अली आहेत. मुंबईचा अनाथ मुलगा, मामूंच्या घरी वाढलेला, छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमागे चालत चालत पक्ष्यांपर्यंत पोहोचलेला. आमच्या कोकणातल्या किहीमला बसून १९३० साली त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, नर अर्धं घरटं बांधतो आणि मादी पसंत करते तेव्हाच ते पुरं करतो, हे टिपून ठेवलं. मुसलमान मुलाला ‘तू काय होणार’ विचारताना जी दोन-चार उत्तरं आपल्या घरात ठरलेली असतात, त्यांच्याबाहेरचं उत्तर देणारे ते. माझं त्यांच्यावर प्रेम आहे.

भरतपूरचं पाणथळ त्यांच्यामुळे वाचलं. त्याआधी तिथे एका दिवसात, १२ नोव्हेंबर १९३८ला, व्हाइसरॉयच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी मारल्याचं दगडावर कोरून ठेवलं आहे. (१२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा वाढदिवस, हा नुसता योगायोग.) राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली आजूबाजूच्या गावांच्या गुराम्हशींना आत बंदी झाली. सलीम अलींसारख्या जाणकारांचाही आग्रह तोच होता. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली.

त्यानंतर त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि निघालं ते उलटंच. म्हशी पाण्यातलं गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळं होतं. म्हशी गेल्या, गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि बदकांना, करकोच्यांना उतरायला जागा कमी झाली. हे छापून आलं हे मला त्या संस्थेचं मोठेपण वाटतं. ज्यांची माणसं गेली त्यांना त्या अहवालाचा काय उपयोग, हा प्रश्नही वाटतो.

म्हैस म्हटलं की वनगुज्जर आठवतात. शिवालिकच्या जंगलात हिवाळा काढायचा, उन्हाळ्यात म्हशी हाकत हिमालयातल्या उंच कुरणांवर जायचं, दूध विकायचं. मुसलमान, पण बहुतेकांच्या ताटात मांस क्वचितच. राजाजी राष्ट्रीय उद्यान ठरलं तसं त्यांना बाहेर काढणं सुरू झालं, अनेकांना हरिद्वारजवळ वसाहतींत आणून ठेवलं. २००६चा वनहक्क कायदा त्यांच्यासारख्यांसाठीच आहे, पण कागद मिळवताना दमछाक होते. अलीकडे त्यांच्याकडे परके म्हणून बोट दाखवलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेनं वर-खाली करणाऱ्याला परका म्हणायचं, तर मग आपला कोण?

बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात ऐंशीच्या दशकात पिळदार शिंगांचा मारखोर संपत आला होता. तिथल्या पश्तून वडीलधाऱ्यांनी शिकाऱ्यांनाच पगारी राखणदार केलं आणि मोजक्या म्हाताऱ्या नरांच्या शिकारीचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकले. पाकिस्तानात आज वर्षाला डझनभर मारखोर असे विकले जातात आणि पैशांतला ८० टक्के वाटा गावांना जातो. २०१५ साली मारखोरचं नाव धोक्यातल्या यादीतून दोन पायऱ्या खाली आलं. भिंतीवर मुंडकं टांगायला लाखभर डॉलर मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटणं शक्य नाही. तरी हा हिशोब मला खोडता येत नाही.

लडाखनं बंदुकीशिवायचा मार्ग काढला. देशातल्या ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ तिथे आहेत, असं २०२४ची मोजणी सांगते. बिबट्या उघड्या कोंडवाड्यात उतरला की एका रात्रीत दहा-वीस बकऱ्या लोळवतो, मग सकाळी गाव काठ्या-दगड घेऊन येतं. आता बऱ्याच गावांत कोंडवाड्यावर जाळीचं छप्पर आणि घट्ट दार बसवलं आहे. आणि बिबट्या बघायला थंडीत येणारे पाहुणे गावच्याच घरांत उतरतात. ज्या बाईच्या बकऱ्या त्यानं नेल्या होत्या ती आता त्यांना लोणी घातलेला चहा देते, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मोजून घेते, आणि तो काल कुठल्या कड्यावर बसला होता तेही सांगते.