किलोला किती कॉस्टिक?

आमच्या लोणी काळभोरच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने घरगुती साबण करायला घेतला, तेव्हा आम्हांला बोलावले ते पैशांचा हिशेब लिहायला. आम्ही बी.कॉम., कारकुनी करणारे. रसायनशास्त्राशी आमचा संबंध नाही. पण दुसऱ्या घाण्याच्या साबणाने दोघी-तिघींच्या हातांची कातडी सोलली. या बाया चार घरची धुणीभांडी करतात. हात गेले की मजुरी गेली. तेव्हा आम्ही साबणाचीही वही घातली.

शिकवून गेलेल्या बाईंनी एकच प्रमाण सांगितले होते : किलोभर तेलाला पावणेदोनशे ग्रॅम कॉस्टिक सोडा. पहिला घाणा खोबरेलाचा, तो ठीक उतरला. खोबरेल महाग, म्हणून पुढे शेंगदाणा तेल घेतले. कॉस्टिक मात्र तेवढेच.

प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते. किलोभर ज्वारीत दाणे जास्त, किलोभर हरभऱ्यात कमी. खोबरेलाचे कण ज्वारीसारखे लहान, म्हणून त्याला सोडा जास्त लागतो. किलोभर खोबरेल सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक खाते, शेंगदाणा तेल १३६, एरंडेल १२८. म्हणजे दुसऱ्या घाण्यात ३९ ग्रॅम कॉस्टिक तसाच मोकळा राहिला. महिनाभर वाळवूनही असला साबण भरवशाचा होत नाही.

मिश्रण असेल तर वेगवेगळा गुणाकार करून बेरीज करावी. ३०० ग्रॅम खोबरेलाला ५५, ७०० ग्रॅम शेंगदाणा तेलाला ९५, मिळून १५०. त्यातून शेकडा पाच कमी करावेत, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि हात वाचतात. राहिले १४३ ग्रॅम. पिशवीवर शुद्धता ९८ टक्के लिहिली असेल, तर ९८ ने भागून १०० ने गुणावे : १४६. हे वाटीने मोजायचे काम नाही. गटाने शिलकीतून एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा घेतला; खर्चाच्या वहीत एवढा योग्य खर्च आम्ही क्वचितच लिहिला असेल.

सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. उकळी येऊन अंगावर उडते. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकतो. हातमोजे, चष्मा हवाच, आणि ते पाणी प्यायच्या बाटलीत भरून ठेवू नये. घरात पोरे असतात. अंगावर उडालेच तर लिंबू चोळत बसू नये, भरपूर पाण्याखाली धरावे, डोळ्यात गेले तर धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

बिघडलेला घाणा बायांनी फेकू दिला नाही. आकडेमोड केली तर पावणेदोनशे ग्रॅम कॉस्टिकला साडेतेराशे ग्रॅम शेंगदाणा तेल हवे होते. मोजे घालून साबण किसला, थोडे पाणी आणि राहिलेले साडेतीनशे ग्रॅम तेल घातले, मंद आचेवर शिजवून पुन्हा साच्यात ओतला. दिसायला ओबडधोबड झाला. कपड्यांना चालतो.